पहिला फ्लॅट घेताना मन कुठे कुठे घसरतं, आणि तिथे काय धरायचं

आम्ही घर शोधायला लागलो तेव्हा कागदपत्रांच्या याद्या ढिगाने मिळाल्या. नवऱ्याच्या ऑफिसात प्रत्येकाकडे एकेक एक्सेल होती. पण टोकन (घर धरून ठेवायची पहिली रक्कम) देऊन आल्यावर रात्री दोन वाजता छातीत धडधडतं, दस्तनोंदणीच्या दिवशी मात्र काहीच वाटत नाही, आणि कधीच आपलं नसलेलं घर हातून गेलं की आठवडाभर जेवण जात नाही, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दीड वर्ष कर्वेनगरच्या भाड्याच्या घरातून रविवारचे रविवार बाहेर पडून शेवटी धायरीत रीसेलचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्या दीड वर्षात आमच्या बहुतेक चुका माहिती नव्हती म्हणून झाल्या नाहीत. माहिती होती, पण त्या दिवशी मन भलतीकडेच होतं. म्हणून हा लेख पायऱ्यापायऱ्यांनी लिहिला आहे: कुठल्या पायरीवर मनाचं काय होतं, आणि तेव्हा हातात काय धरलेलं असावं.

आकडे महाराष्ट्राचे आहेत, त्यातही पुण्याचे जास्त.

१. आधी आकडा, मग घर

पहिला येतो तो उत्साह, आणि त्याचं आकड्यांशी वैर असतं. ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून सकाळी निघालेलं जोडपं संध्याकाळी ज्या घराच्या प्रेमात पडून परत येतं ते हमखास पंधरा लाखांनी महाग असतं. मग आपल्या ऐपतीतलं प्रत्येक घर खुराडं वाटायला लागतं. आमचे पहिले चार महिने याच दुखण्यात गेले.

म्हणून घर बघायच्या आधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून हिशोब करा. समजा, पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख आपले. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (मुंबईत ६ टक्के). नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, म्हणजेच ओसी) मिळालेल्या तयार घरावर तो नाही, आणि ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का. बेरीज केलीत तर १४ लाखांचे २२ लाख ७० हजार झालेले दिसतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे या ८० टक्क्यांच्या हिशोबात धरले जात नाहीत, जीएसटी बँक धरेलच असं नाही. वकील, दलाली, सोसायटीची अनामत, पंखे आणि पडदे अजून यायचेच आहेत.

हा आकडा बघून पोटात गोळा येतो. येऊ द्या. तो आत्ता आलेला बरा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. हा वरचा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशांतून कापायचा असतो. पण विसरलात तर नोटीस तुम्हाला येते.

याच संध्याकाळी दोन अवघड बोलणी उरकून घ्या. एक, आईवडिलांच्या पैशांचं. ‘लागतील तेवढे देऊ रे’ हे वाक्य फार गोड असतं आणि फार घातकही. किती, कधी, परत करायचे की नाहीत, आणि हे भावाला-बहिणीला माहीत आहे का, हे चार प्रश्न तोंडावर विचारा. आईवडिलांनी दिलेल्या पैशांवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, पण बँक ‘हे पैसे कुठून आले’ म्हणून विचारते, तेव्हा साधं बक्षीसपत्र लिहून ठेवा.

दुसरं बोलणं नावाचं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ७० लाखांवर सरळ ७० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सवलत गेली. ऐकायला हा हिशोबाचा प्रश्न वाटतो. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता. ‘तुझ्या एकटीच्या नावावर केलं तर आई काय म्हणेल’ इथपासून ‘म्हणजे हप्ता मी भरायचा आणि घर तुझं’ इथपर्यंत सगळं निघालं, आणि खरं सांगायचं तर ते निघायलाच हवं होतं. कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत (जुन्या करपद्धतीत) हवी असेल तर माणूस मालकही लागतो आणि कर्जदारही. आम्ही शेवटी दोघांच्या नावावर घेतलं आणि ती सवलत सोडली. तुमचं उत्तर वेगळं येईल. फक्त ते नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून काढू नका.

सगळं झाल्यावर एक कागद लिहून फ्रीजवर लावा: वरचा आकडा, सोडणार नाही अशा तीन गोष्टी, आणि नसलं तरी चालेल असं बाकी सगळं. आमच्या तीन गोष्टी होत्या पाणी, लिफ्ट (सासूबाईंचे गुडघे) आणि शाळेपर्यंत चालत जाता येणं. बाल्कनी यादीत नव्हती. हे पुढे उपयोगी पडलं, कारण प्रत्येक सेल्सवाला आधी बाल्कनीच दाखवतो.

२. रविवारचे रविवार

सुरुवातीचे तीन-चार रविवार सहलीसारखे जातात. गार पाणी, कॉफी, मुलाला फुगा. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरलं की आपण सोफ्यावर बसलेले स्वतःला दिसायला लागतो. तो फ्लॅट त्यासाठीच सजवलेला असतो: पलंग नेहमीपेक्षा आखूड, कपाटं उथळ, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, आरसे मात्र भरपूर. पर्समध्ये मेजर टेप ठेवा आणि सगळ्यांदेखत काढा. आपल्या घरच्या पलंगाचं आणि फ्रीजचं माप वहीत लिहून न्या. टेप हातात आली की मन आपोआप थोडं थंड होतं, हा माझा अनुभव.

भाव कार्पेटवरच विचारा. रेरा कायद्यात (२०१६ चा, बिल्डर आणि घरखरेदीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा) कार्पेट एरियाची व्याख्या आहे: आतल्या भिंती धरून वापरायची जागा, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस त्यात नाहीत. ‘सेलेबल’, ‘बिल्टअप’ वगैरे शब्द कानावर पडले की शांतपणे म्हणायचं, “कार्पेट किती ते सांगा.”

पाचव्या-सहाव्या रविवारी सहल संपते. सगळी घरं एकसारखी दिसायला लागतात आणि ‘कुठलं तरी घेऊन टाकू’ असा थकवा येतो. माझ्या मते हा थकवा उत्साहापेक्षा वाईट, कारण तो शहाणपणाच्या वेषात येतो. आपल्याला वाटतं, आपण आता व्यवहारी झालो. दिवसाला तीनच घरं बघा. त्याच दिवशी रात्री प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा. आणि महिन्यातला एक रविवार घर या विषयावर बोलायचंच नाही, असा ठेवा.

आवडलेल्या घराकडे तीन वेगवेगळ्या वेळी जा: कामाच्या दिवशी सकाळी नऊला, रात्री दहाला, आणि जमलं तर भर पावसात. पाण्याबद्दल एजंटला विचारून उपयोग नाही. वॉचमनला विचारा, टँकर किती येतात. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. आम्हाला एका सोसायटीबद्दल खरी माहिती इस्त्रीवाल्याने दिली: “ताई, मे महिन्यात येऊन बघा.” तेवढं पुरे होतं.

३. टोकन

सगळ्यात उंच लाट इथे येते.

घर आवडलेलं असतं, दोघांनी एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच हो म्हटलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच एजंटचा फोन वाजतो. दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय. किंवा हा भाव पाडव्यापर्यंतच आहे, सोमवारपासून चौरस फुटाला दोनशे वाढणार. कधी हे खरंही असतं. पण ते खरं आहे की खोटं याचा शोध लावण्यात शक्ती घालवू नका, कारण त्या घटकेला तो लागत नाही. त्याऐवजी घरातून निघतानाच एक नियम करून निघा: बघायला जाताना चेकबुक न्यायचं नाही, आणि ज्या दिवशी घर बघितलं त्या दिवशी एक रुपयाही पाठवायचा नाही. यूपीआयमुळे हा नियम पाळणं अवघड झालंय. आमची पहिली टोकनची रक्कम, ५१ हजार, मी एका पार्किंगमध्ये उभं राहून नऊ सेकंदांत पाठवली होती. पावती मागितली तर एजंट म्हणाला, “व्हॉट्सॅपवर टाकतो ना मॅडम.”

त्या रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणाला, “अगं, इतकं काय, घेतलंच आहे आता.” त्या ‘घेतलंच आहे’ने आणखी धडकी भरली.

टोकन देण्याआधी लेखी काय हवं? घराचा नंबर आणि कार्पेट, ठरलेली एकूण किंमत, कोणती पार्किंग, टोकन कुणाच्या खात्यात गेलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, शीर्षकात (मालकी हक्कात) दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत मिळेल हे वाक्य. एवढं एका ईमेलमध्येही मावतं. विकणारा हे लिहून द्यायला कुरकुर करत असेल तर तेव्हाच कळलं, बरं झालं.

नवीन प्रकल्प असेल तर टोकनच्या आधी महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर जा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे तीन गोष्टी बघा: पूर्ण करण्याची तारीख (आणि ती किती वेळा पुढे ढकलली), चालू खटले, आणि जमिनीवरचा बोजा. सेल्सवाला सांगेल ‘पुढच्या दिवाळीत ताबा’, तिथे दोन वर्षांनंतरची तारीख असेल. धरायची ती तिथली. आणि रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आत्ता २० टक्के भरा, करार नंतर बघू’ असं कुणी म्हटलं तर हे कलम हसतमुखाने आठवून द्या.

रीसेलमध्ये वेगळाच पेच येतो. सगळं ठरल्यावर काका म्हणतात, “थोडे कॅशमध्ये द्या, बाकी तुमच्याच मनासारखं.” आपण मनाने तिथे राहायला गेलेले असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही. म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. शिवाय कागदावर किंमत कमी दिसली की कर्ज कमी मिळतं, आणि पुढे घर विकताना नफा फुगून दिसतो. मुद्रांक शुल्कही वाचेलच असं नाही, कारण ते कराराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतं.

एक पुणेरी युक्ती. पितृपक्षात कुणी बुकिंग करत नाही. सेल्स ऑफिसं ओस पडलेली असतात, कुणी मागे लागत नाही, आणि मोकळेपणाने बोलणारी माणसं भेटतात. आम्ही बघणी आणि घासाघीस पितृपक्षात केली, पैसे दसऱ्याला दिले. सासूबाईही खूश.

४. वकिलाकडचे तीन आठवडे

टोकननंतरचा काळ कंटाळवाणा असतो आणि तो तसाच असावा. या काळात तुम्ही मनातल्या मनात पडदे लावत असता आणि वकीलबाई इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), सर्च रिपोर्ट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) असे कागद मागत असतात. शोध साधारण ३० वर्षांचा घेतात. वकील आपला असावा. बिल्डरचा किंवा एजंटचा ‘ओळखीचा’ नको. बँकेचा वकीलही बघतो, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो.

आमच्या त्या ५१ हजारांच्या घराचं काय झालं ते इथे सांगते. कोथरूडमधला तिसरा मजला, समोर कडुनिंब. विकणारे गृहस्थ अगदी सज्जन. शेअर सर्टिफिकेटवर अजून त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव होतं आणि ते स्वतः नॉमिनी होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; वारस सगळेच. त्यांना दोन बहिणी होत्या, पैकी एक परदेशात आणि भावाशी बोलणं बंद. वकीलबाईंनी विचारलं, “बहिणींचं हक्कसोडपत्र आहे का?” ते म्हणाले, “ती देईल हो, घरातलीच आहे.”

वकीलबाई म्हणाल्या, “देईल तेव्हा घ्या.”

आम्ही दोन महिने थांबलो. मग सोडलं. टोकन परत मिळायला आणखी दीड महिना आणि बरेच फोन लागले, कारण लेखी काही नव्हतंच. पैशांपेक्षा तो कडुनिंब जास्त लागला मनाला. मी त्या घरात स्वयंपाकाचा ओटा कुठे तोडायचा तेही ठरवलं होतं. लोकांना सांगायची सोय नव्हती, कारण ‘गेलं तर गेलं, दुसरं मिळेल’ हेच ऐकायला मिळे. हे दुःख खरं असतं, त्याला थोडे दिवस द्या. फक्त त्या दिवसांत दुसरं घर ठरवू नका. गेलेल्या घराशी सूड उगवल्यासारखे आपण पुढचं घर निवडतो. आम्ही त्याच आठवड्यात वारज्यात एक बघून जवळजवळ हो म्हटलं होतं, कारण तिथेही समोर झाड होतं.

भोगवटा प्रमाणपत्राबद्दल एकच सांगते. ‘इथे सगळ्या बिल्डिंगींना ओसी नाहीच, लोक राहतात की’ हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं. त्या लोकांना तिथे काय काय भोगावं लागतं, ते त्यांनाच विचारून या.

५. बँक

इथे लाज वाटते, आणि ती अनपेक्षित असते. तीन वर्षांचे पगाराचे कागद, खात्याची पानं, जुन्या क्रेडिट कार्डाचा थकलेला एक हप्ता, सगळं अनोळखी माणसासमोर उघडं करायचं. नवऱ्याचा सिबिल स्कोर (कर्ज वेळेवर फेडण्याचे गुण) माझ्यापेक्षा कमी निघाला आणि तो दोन दिवस गप्प होता. म्हणून हे सोपस्कार घर बघायच्या आधीच करा. आपला सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. आधी मंजुरी घेऊन ठेवली तर पुढे टोकनच्या वेळी भीती निम्मी होते.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटावेसे वाटतात. थांबा, मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. शीर्षक आणि मूल्यांकन पसंत पडल्यावरच चेक निघतो.

मग येतो पहिल्या हप्त्याचा धक्का. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, २० वर्षं: हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३५,४१७ व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार. वीस वर्षांत भरायचे एकूण सुमारे १ कोटी ४ लाख. हे विवरण पहिल्यांदा बघितल्यावर बहुतेकांना आपण मूर्ख आहोत असं वाटतं. औषध त्याच कागदात आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीपूर्वी पैसे भरल्याचा दंड नाही. दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात टाकलात तर वरच्या उदाहरणात तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते.

दर बदलणार हे धरूनच चाला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत गुपचूप लांबली, आणि हे त्यांना वर्षभराने कळलं. नंतर रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने कर्जदाराला विचारायला हवं. तरी दर सहा महिन्यांनी स्वतः विवरण काढून बघा.

सह्या करताना एक विम्याचा कागद मधेच सरकवला जातो, एकरकमी हप्ता कर्जात मिळवलेला. विमा असावाच, पण तो त्याच बँकेकडून घ्यायचं बंधन नाही. चाळीस सह्यांच्या भरात हात थांबत नाही, म्हणून प्रत्येक कागदाचं शीर्षक मोठ्याने वाचा. समोरचा वैतागेल. वैतागू द्या.

६. दुय्यम निबंधकांकडे

ज्याची एवढी वाट बघितली तो दस्तनोंदणीचा दिवस असा असतो: पंखा, बाक, नंबर, फोटो, अंगठा, दोन ओळखदार, आणि भूक. आधार आणि पॅन मूळ न्या, ओळखदारांना वेळेचं नीट सांगा, पाण्याची बाटली न्या. दस्तातली नावं, फ्लॅटचा नंबर, क्षेत्रफळ आणि पार्किंग सही करण्याआधी पुन्हा वाचा. नंतर चूकदुरुस्ती पत्र करत बसावं लागतं. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदवायला हवा, त्यामुळे मुहूर्ताचा हट्ट असेल तर तेवढी मोकळीक आहे. नंतर इंडेक्स टू ऑनलाइन काढून बघा.

काही वाटलं नाही तर घाबरू नका. आम्ही बाहेर येऊन मिसळ खाल्ली आणि ट्रॅफिकबद्दल बोललो.

७. तिसरी रात्र

नोंदणीनंतर दोन-तीन दिवसांनी, बहुधा रात्री, मनात येतं: आपण फसलो. जास्त पैसे दिले. भाड्याच्याच घरात बरे होतो. हातात अर्थातच मोबाइल असतो आणि आपण त्याच सोसायटीतल्या इतर घरांचे भाव शोधत असतो. एखादं दोन लाखांनी स्वस्त दिसतंच. ते कुठल्या मजल्यावर आहे, किती वर्षं विकलं जात नाहीये, हे तिथे लिहिलेलं नसतं.

आता उपाय. मालमत्तेची ॲप्स काढून टाका, एजंटांचे ग्रुप सोडा. फ्रीजवरचा कागद काढा आणि तीन गोष्टी जमल्या का बघा. त्या जमल्या असतील तर भावाची चर्चा नातेवाइकांसमोर करायची नाही. ‘कितीला घेतलं?’ असं कुणीही विचारलं की आम्ही ‘बजेटच्या थोडं वर गेलं’ एवढंच सांगायचो. आकडा सांगितला की समोरचा लगेच एक त्याहून स्वस्त घर सांगतो, आणि ते घर २०१४ साली घेतलेलं असतं.

जोडीदाराला ही रात्र दुसऱ्या दिवशी येते. दोघांना एकाच वेळी आली तर सकाळपर्यंत काही बोलू नका.

८. ताबा लांबला तर

हे आमच्या वाट्याला आलं नाही, माझ्या भावाच्या आलं. मांजरीजवळ बुकिंग, भाडंही चालू, बँकेचं व्याजही चालू, आणि साइटवर क्रेन हलत नाही. तो दर शनिवारी तिथे जाऊन फोटो काढायचा आणि रविवारभर चिडलेला असायचा. शेवटी वहिनीने शनिवारची फेरी बंद करवली आणि त्या वेळात कागद लावले: करार, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती, बिल्डरचे ईमेल. करारातली ताब्याची तारीख उलटली की रेराच्या कलम १८ प्रमाणे दोन वाटा असतात. व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्यायचे, किंवा राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते. एकट्याने झुरण्यापेक्षा त्याच इमारतीतले बाकीचे खरेदीदार शोधा. भावाचा राग त्या ग्रुपमध्ये वाटला गेला, आणि कामही पुढे सरकलं.

आणि कंटाळून भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ‘फिटआउट’साठी (आतलं सजावटीचं काम करायला) ताबा घेऊ नका. थकलेल्या माणसाला किल्ली दाखवून सही घेणं फार सोपं असतं.

९. किल्ली मिळाल्यावर

किल्ली हातात आली की पहिल्या भेटीत एकटे जा, नातेवाइकांच्या आधी. एक चार्जर (प्रत्येक प्लग तपासायला), एक बादली (बाथरूमचा उतार बघायला) आणि पांढरा खडू न्या. पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खूण करा, फोटो काढा, यादी ईमेलने पाठवा. नवीन घरात बांधकामाच्या रचनेतला किंवा दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो.

मग वास्तुशांत. पन्नास माणसं येतात आणि प्रत्येक जण एक उणीव सांगून जातो. ‘किचन जरा लहान आहे, नाही?’ ‘दार दक्षिणेला का?’ माझ्या मामेसासऱ्यांनी तर गुरुजींसमोरच होकायंत्र काढलं. आधीच दोघांनी ठरवून ठेवा की त्या दिवशी कुणालाही उत्तर द्यायचं नाही, ‘हो का?’ म्हणून पुढे मसालेभात वाढायचा. सासूबाईंनी मात्र दूध उतू घालवताना डोळे पुसले, आणि कारण विचारल्यावर म्हणाल्या की धुराने झालं. गॅस होता.

जुनं घर सोडताना जड जातं, हेही आधी सांगून ठेवते. भाड्याचं का होईना, मुलाची उंची त्या दाराच्या चौकटीवर मोजलेली होती. आम्ही चौकटीचा फोटो काढला आणि त्याच उंच्या नवीन दारावर पेन्सिलीने उतरवल्या. घरमालकांकडून डिपॉझिट मागायला मात्र लाजू नका. वीजबिल भरून, मीटरचा फोटो काढून, त्याच दिवशी हिशोब करा.

उरलेली कामं पहिल्या दोन महिन्यांत उरका, कारण नंतर अंगात आळस भरतो. रीसेल असेल तर सोसायटीकडे शेअर सर्टिफिकेट हस्तांतराचा अर्ज. महापालिका क्षेत्रात हस्तांतर शुल्क २५ हजारांहून जास्त घेता येत नाही, ‘डोनेशन’ म्हणून मागितलं तरी. महावितरणच्या बिलावरचं नाव, गॅस, मालमत्ता कराला नाव लावणं. पुण्यात स्वतः राहत असाल तर मालमत्ता करातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा.

फर्निचर लगेच करू नका. सहा महिने राहून बघा, ऊन कुठून येतं, कोण कुठे बसतं. आम्ही बैठकीच्या खोलीत मोठा सोफा घ्यायचा म्हणून भांडलो होतो. सगळे जण बसतात मात्र स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर, कारण वारा तिथून येतो. सोफा अजून घेतलेला नाही.